देवाच्या घराला कडी नाही

३० मार्च, रविवार. पाडवा.

ह्यांच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दर वर्षी डायऱ्या फुकट येतात आणि दर वर्षी मी त्यांत वाण्याची यादी लिहिते. यंदा म्हटलं, मनातलं लिहावं. बोलायला घरात आहे कोण? हे जेवताना बातम्या बघतात आणि बातम्या संपल्या की झोपतात.

गुढी छान झाली. सातव्या मजल्यावरची, अर्ध्या उलव्याला दिसत असेल.

अकराच्या सुमारास बेल वाजली. नमिता होती, आणि तिच्या मागे तो. डिसेंबरात कोर्टात जाऊन लग्न केलं, त्यानंतर आज पहिल्यांदा आली. न कळवता आली, हे आधी लिहून ठेवते. समोर ७०२ चं दार किलकिलं होतं. त्या बाईंना मी सांगितलंय की नमिता बंगलोरला नोकरीला आहे. मग मी काय करायला हवं होतं? आतलं दार उघडलं, पण सेफ्टी-डोअर नाही उघडलं. जाळीतूनच बोलले.

"आई, आत तरी येऊ दे. एक सांगायचंय."

"सांग की इथूनच."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "राहू दे," म्हणाली. हातात मिठाईचा बॉक्स होता. जाळीतून जाईना म्हणून तिनं तो बाहेर चपलांच्या रॅकवर ठेवला. तो म्हणाला, "येतो, आई." मी त्याची आई कधी झाले?

बॉक्समध्ये पेढे निघाले. पाडव्याला पेढे कोण आणतं? श्रीखंड आणतात. त्यांच्यात काय पद्धत असते कोण जाणे. मी बॉक्स वॉचमनला देऊन टाकला.

हे सोफ्यावरून उठले नाहीत. ती दोघं लिफ्टमध्ये गेल्यावर मात्र गॅलरीत गेले आणि गुढीची काठी धरून खाली बघत बराच वेळ उभे राहिले. काठी हलत नव्हती, मी सकाळीच घट्ट बांधली होती.

मी ओरडले नाही, वाकडं बोलले नाही. दारात आलेल्याशी नीटच बोलले. तरी श्रीखंड गोड लागेना. चक्का आंबट असणार.

६ एप्रिल, रविवार

गावाच्या मंडळाचा कुलदीप येऊन गेला. देवाची पाळी आमच्यावर आली आहे.

आमच्या देवाला देऊळ नाही. होतं, ते गावासकट धरणात गेलं. गाव उठलं तेव्हा भैरोबाचा पितळी मुखवटा वेताच्या टोपलीत घालून डोक्यावर घेतला, आणि तेव्हापासून देव गावकऱ्यांच्या घरी राहतो. चैत्री पुनवेपासून दसऱ्यापर्यंत एका घरी, दसऱ्यापासून पुनवेपर्यंत दुसऱ्या. पुढे गाव नवी मुंबईत आलं, कोणी माथाडीत, कोणी बंदरात, तसा मागोमाग देवही आला. ज्या घरी तो असतो त्या घराचं कल्याण होतं असं सगळे मानतात. पाळीवरून भांडणं होतात.

अट एकच. देव घरात असेपर्यंत दिवसा दाराला कडी लावायची नाही, आणि दारात येईल त्याला आत बोलवायचं. कोण, कुठला, हे विचारायचं नाही. पाणी आणि गूळ द्यायचा आणि 'बसा' म्हणायचं. सासूबाई सांगायच्या, गाव सोडून निघालेली माणसं पहिल्या संध्याकाळी एका गावात पोचली, तर 'धरणवाले आले' म्हणत लोकांनी दारं लावून घेतली. शेवटी एका भल्या माणसानं आपलं घर उघडलं. देव आणि बायकापोरं तिथे निजली. इथवर आल्या की सासूबाई डोळे पुसायच्या.

मी कुलदीपला म्हटलं, "अरे, घराला रंग काढायचाय."

"रंग नंतर काढा ना काकी. पाळी परत कधी येणार?"

"सोसायटीत दार उघडं चालत नाही. चोऱ्या होतात."

"आमी सेक्रेटरीशी बोलतो. टेन्शन नका घेऊ."

"एसी असतो रे आमचा. दार उघडं ठेवून कसा चालेल?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मलाही ऐकून कसंतरीच झालं, पण बोलून गेले होते. शेवटी गुडघेदुखी काढली. तो म्हणाला, "मग तळवलीच्या गोजराआत्यांना देऊ. किती वर्षं मागतायत. एकटी बाई, एवढीशी खोली, म्हणून मंडळानं कधी दिला नाय."

"दे की," म्हटलं.

हे सगळं ऐकत होते. कुलदीप गेल्यावर म्हणाले, "देवाला नगं म्हनलीस व्हय?" मी म्हटलं, देवाला नाही, कटकटीला. त्यांनी बातम्या लावल्या.

१२ एप्रिल, शनिवार. चैत्री पुनव.

तळवलीला जाऊन आलो. गोजराआत्या म्हणजे ह्यांची चुलत आत्या, आमच्या गावातलीच लेक आणि गावातलीच सून. नवरा गेला. मुलगा पंढरी घणसोलीत, हाकेच्या अंतरावर, पण खोलीवरून भांडण झालं तेव्हापासून तो आईचं तोंड बघत नाही.

टोपली डोक्यावर घेऊन येणाऱ्याच्या पायावर घरातल्या कुणीतरी पाणी घालायचं, मग त्यानं आत यायचं. आत्यांच्या खोलीची चौकट इतकी ठेंगणी की कुलदीपला जवळजवळ बसतच आत जावं लागलं. देव ठेवायला जागा कुठे? तर टीव्हीच्या शेजारी पाट मांडला. आरती झाल्या झाल्या आत्यांनी टीव्ही लावला. मी म्हटलं, "आत्या, देव आहे." त्या म्हणाल्या, "मंग काय झालं? त्यालाबी कळू दे त्या सुनंचं काय हुतंय त्ये."

माझ्या हॉलमध्ये देवाला केवढी जागा होती. संगमरवरी कोपरा आहे, तिथे आता मनी प्लांट ठेवलाय. येताना गाडीत मला उगाचच रडू आलं. ह्यांनी विचारलं नाही, ते बरं झालं.

२५ मे, रविवार

ह्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरला गुलाल. मागच्या रविवारीही होता. म्हटलं, न्हावा शेव्याला कंटेनरवर आता गुलाल उधळतात का? म्हणाले, ड्रायव्हर लोकांची पूजा होती. दर रविवारी पूजा? गुलाल निघता निघत नाही. दोन शर्ट वाया गेले.

१३ जुलै, रविवार

आज मी आपण होऊन तळवलीला गेले. आत्यांसाठी लोणचं घेतलं होतं. खरं कारण असं की जो तो आत्यांचीच गोष्ट सांगतो. आत्यांकडे आरतीला उभं राहायला जागा नसते, शेजारच्या बायका तिथेच भाजी निवडतात, वर राहणारी नर्स येता-जाता त्यांची साखर तपासते. सहा महिन्यांपूर्वी आत्या पडल्या तर कुणाला दुसऱ्या दिवसापर्यंत कळलं नसतं. आता त्या खोकल्या तरी गल्लीतून आवाज येतो, "आत्या, पानी देऊ काय?"

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली, पण मी उतरता उतरता थांबले. आत्यांच्या उंबऱ्यावर नमिता बसली होती. मांडीत परात, तांदूळ निवडत होती. पोट चांगलं पुढे आलेलं. कोणीतरी आतून काही बोललं आणि ती मान मागे टाकून हसली. लहानपणी हसायची तशीच.

मग मला त्या पेढ्यांचा अर्थ कळला. 'एक सांगायचंय' म्हणाली होती ती.

दार उघडं होतं. पुढे जायला मला कोणाचीच आडकाठी नव्हती. मी रिक्षा फिरवायला सांगितली. लोणच्याची बरणी मांडीवर तशीच. रिक्षावाल्यानं विचारलं, "घर सापडलं नाही का?" मी म्हटलं, नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

पंढरी आईकडे परत आला. म्हणजे राहायला नाही, पण रोज संध्याकाळी येतो, देवापुढे बसतो आणि जेवून जातो. कोणी समजूत घातली नाही. दार उघडं होतं, एक दिवस आला आणि आत्यांनी 'बस' म्हटलं. सगळे म्हणतात, देव पावला.

पावणारच. तो आमच्याकडे यायचा होता. मीच त्याला रंगाचं कारण सांगून घालवला, आणि जे माझ्या घरात यायचं ते दुसऱ्याच्या घरात चाललंय. रंग अजून काढलेला नाही.

एक गोष्ट मला स्वच्छ दिसते. नमिता तिकडे जाते ती आत्यांसाठी नाही, देवासाठी. लहानपणापासून तिला भैरोबाचं वेड. जिथे देव असेल तिथे ती येणार. मग देव इथे आला तर इथे येईल. मी बोलवायलाही नको आणि तिनं विचारायलाही नको. देवाला आलेल्या माणसाबद्दल ७०२ वालीही काही बोलू शकत नाही.

दसऱ्याला देव माझ्या घरी आणणार. पाळी माझीच होती.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सकाळी ह्यांना फोन आला. पोह्याची बशी तशीच टाकून निघाले. "ट्रेलर अडकलाय गेटवर." संध्याकाळी आले ते बर्फीचा पुडा घेऊन. म्हणाले, ऑफिसात कुणीतरी वाटली.

मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, हे मला काय कोणी शिकवायला हवं? पण मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. दोघांनी बातम्या बघत एकेक खाल्ली. मग मी दुसरी खाल्ली. ते बाथरूममध्ये गेल्यावर तिसरी.

२८ सप्टेंबर, रविवार

कुलदीपला घेऊन आत्यांकडे गेले. मुद्दाम दुपारची वेळ गाठली, आत्या एकट्या असतात तेव्हाची. घरात अळीव आणि तुपाचा वास येत होता. लाडू वळून ठेवलेले. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

म्हटलं, "आत्या, आमची पाळी राहिलीय. दसऱ्याला देव आम्ही नेतो."

त्यांनी नेहमीसारखं तोंड चालवलं नाही. हात पुसत म्हणाल्या, "ने की. देव काय माझ्या बाचा हाय? पन चार दिस ऱ्हाऊ दे. पाच तारकंला एक काम हाय."

"काय काम?"

"हाय एक."

मला वाटलं, म्हातारीला सोडवत नाही. सहा महिने गजबज अनुभवली, आता कोण सोडेल? मी म्हटलं, दसरा म्हणजे दसरा. कुलदीपला नियम विचारला. तो चाचरत म्हणाला, "नियम दसऱ्याचाच हाय, आत्या." आत्यांनी पाटावरच्या देवाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं."

एवढ्यावर प्रश्न मिटला. मी किती तयारी करून गेले होते.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

देव आला. मनी प्लांट हलवला, कोपऱ्यात चौरंग, मागे जरीचा पडदा, झेंडूच्या माळा. ह्यांच्या पायावर मीच पाणी घातलं. ढोल होता. सोसायटीनं परवानगी दिली. फोटो फार सुंदर आलेत.

सेफ्टी-डोअर भिंतीला दोरीनं बांधून टाकलं, वाऱ्यानंही लागू नये म्हणून. जेवणात पुरणपोळी केली, नमिताला आवडते तशी, जायफळ कमी.

मंडळाची माणसं जेवून गेली. संध्याकाळपर्यंत मी दारातच होते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कुरिअरवाला आला. त्याला पाणी, गूळ दिलं. तो घाबरला, म्हणाला, मॅडम, सही पाहिजे फक्त. मग गॅसवाला आला. सेक्रेटरी आला आणि एसी चालू नाही ना, हे बघून गेला. एक कुत्रं आलं. दारात येईल त्याला म्हणजे त्यालाही, म्हणून बिस्कीट दिलं.

७०२ वाल्या बाई येऊन बसल्या. "नमिता नाही आली बंगलोरहून? एवढा देव आलाय घरी."

"रजा नाही मिळाली," मी देवासमोर बसून म्हटलं. मुखवट्याचे डोळे पितळेचेच आहेत, पण ते माझ्यावर आहेत असं दिवसभर वाटत राहिलं.

नमिताला फोन लावला. वाजत राहिला.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, माझ्या बाजूनं न फिरवता.

दुपारी गोजराआत्या आल्या, पंढरीच्या स्कूटरवर मागे बसून. देवाला हात जोडले, गूळ खाल्ला, गुडघे धरून सोफ्यावर बसल्या. म्हणाल्या, "उंद्या बारसं हाय. नमीच्या पोरीचं. माझ्या घरी, देवाफुडं करायचं ठरलं हुतं. तुला सांगावं म्हनून आले. नमीनं घातलेली शपत मोडून आले."

पाच तारखेचं काम ते हे. मी देव तिच्या मुलीपुढून उचलून आणला होता, आणि वर फोटो काढले होते.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"नमी म्हनली, आईकडं मागू नगा. एकदा जाळीतनं मागून झालंय."

"मग बारसं इथे करू. बघा, दार बांधून उघडं ठेवलंय मी."

"त्ये देवासाटी उगडलंस. तिच्यासाटी कवा उगडलंस, शालन?"

मला राग आला. लाज वाटली की मला आधी रागच येतो. मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "आत्या, ती कुठल्या घरात गेलीय ते ठाऊक आहे ना? आणि त्यांच्या पोरीला तुम्ही आपल्या देवापुढे घालणार?"

मी हे बोलले. माझ्या नातीबद्दल बोलले.

आत्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "गाव उठलं त्या राती देव कुनाच्या घरी निजला?"

"एका भल्या माणसाच्या. सासूबाई सांगायच्या."

"भल्या मानसाला वस्ती नसती व्हय गं? वेशीभायेरचं घर हुतं त्ये. नमीच्या नवऱ्याच्या, सुगतच्या लोकांचं. गावातल्यांनी दारं लावली, तेंनी उगडलं. मी लहान हुते, पन त्या भाकरी मला आटवत्यात. त्या बाईनं पोरांची आंथरुनं काडून देवाखाली घातली. तुझ्या सासूनंबी खाल्ल्या भाकरी. सांगताना मातूर तेवढं गाळायची. रडायची आनि गाळायची."

मग पंढरीला हाक मारली आणि गेल्या. जाताना म्हणाल्या, "बारसं हुनारच. देव नसला तर पाट हाय."

हे इतका वेळ खिडकीशी उभे होते. मी विचारलं, "तुम्ही बघितलंय बाळाला?"

"रोज बगतो."

"मला का नाही सांगितलं?"

"तू इचारलं न्हाईस." मग म्हणाले, "मीबी त्या दिशी सोफ्यावरनं उठलो न्हाई, शालन. तुला एकटीला काय म्हनू?"

म्हणजे तो गुलाल आत्यांकडच्या आरतीचा, ते कळलं. मी शर्ट घासत बसले होते.

रंग नव्हता, एसी नव्हता, गुडघे नव्हते. देव घरात आला तर दार उघडावं लागेल, आणि दार उघडं असलं तर नमिता सुगतला घेऊन आत येईल आणि मला 'बसा' म्हणावं लागेल, म्हणून मी देवाला नको म्हटलं. आता लिहिताना वाटतं, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. मला माझी फार लाज वाटते. पन्नाशी उलटल्यावर अशी लाज वाटणं फार वाईट, कारण कोणी रागावायलाही उरलेलं नसतं.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी ह्यांना म्हटलं, देव तळवलीला न्यायचा. ह्यांनी कुलदीपला फोन केला. तो म्हणत होता, काका, असा मधेच हलवता येत नाय, मंडळाला काय सांगू? हे म्हणाले, "आरं, तो धरनातनं हलला तवा कुनाला इचारून हलला?" आणि फोन ठेवला.

टोपली मी डोक्यावर घेतली. ह्यांनी हात पुढे केला होता, पण मी म्हटलं, नाही, नको म्हणणारी मी, नेणारीही मीच. गाडीत ती मांडीवर धरली, ठाणे-बेलापूर रोडला गाडी लावली आणि गल्लीतून अनवाणी चालत गेले. पितळेचा देव चांगलाच जड असतो. मान जरा हलली की टोपली कलते, म्हणून नजर समोर ठेवूनच चालावं लागतं.

आत्यांच्या दारात पोचले. आतला गलका एकदम थांबला. मी उभी राहिले. खाली बघता येत नव्हतं. मला फक्त चौकटीचं वरचं लाकूड दिसत होतं आणि त्यावरचं तोरण. पायावर पाणी घालेपर्यंत आत जायचं नसतं, आणि कोणी पाणी घातलंच नाही तर मी तशीच परत फिरणार होते. तो त्यांचा हक्कच होता.

कोणीतरी जवळ आलं. बाळाचा वास आला, वेखंडाचा आणि दुधाचा. मग पायावर पाणी पडलं. कोमट होतं. गार पाणी घालतात, पण हे कोणीतरी कोमट करून आणलं होतं. डोळ्यांतून धारा लागल्या. टोपली दोन्ही हातांनी धरलेली, त्यामुळे पुसताही येईनात. सगळ्यांसमोर तसाच चेहरा घेऊन उभं राहावं लागलं.

"आई, खाली बस," नमिता म्हणाली. "चौकट लागेल."

माझे गुडघे खरोखरच दुखतात, ते काही खोटं नव्हतं. उकिडवी होत, एकेक पाय सरकवत मी आत्यांच्या घरात गेले. टीव्हीशेजारचा पाट तसाच होता, पुसलेला, त्यावर काही ठेवलं नव्हतं. देव त्यावर ठेवला आणि मगच वर बघितलं. नमिता माझ्याकडे बघत नव्हती. कडेवर एवढंसं गाठोडं.

पाळणा नव्हता. छताच्या हुकाला आत्यांचं जुनं लुगडं बांधून झोळी केली होती. पाळणा आजोळचा असतो. कपडे, वाळे, सगळं आजोळचं. मी देव घेऊन आले आणि लेकरासाठी साधं टोपडंही आणलं नाही. ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सुगतची आई भिंतीशी बसल्या होत्या. सत्यभामाबाई. त्यांनी देवाला हात जोडले नाहीत, आणि ते लपवलंही नाही. मी समोर जाऊन बसले. म्हटलं, "पाडव्याला तुमचा मुलगा माझ्या दारातून परत गेला."

"सांगितलं त्यानं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी जेवला नाय. मला लई राग आला होता तुमचा." मग माझ्या ओल्या पायांकडे बघून म्हणाल्या, "अजून हाय थोडा."

"असू द्या," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बाळाला झोळीत घातलं. बायकांनी गलका केला, आत्यांनी गाणं सुरू केलं. झोळीची दोरी सत्यभामाबाईंच्या हातात होती. थोड्या वेळानं त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. "ओढा. आजी हाय तुमी." मी ओढली. जोर जास्त लागला, मग हळू ओढली. सुगतनं पेढा आणून माझ्या हातावर ठेवला. बर्फी नाही, पेढा. मी तो तिथेच, सगळ्यांच्या देखत खाल्ला.

निघताना नमिताला म्हटलं, "घरी येशील?"

"बघू," म्हणाली.

देव तिथेच ठेवून आलो. मंडळ काय म्हणायचं ते म्हणेल.

घरी पोचलो तर दार सताड उघडं, सकाळच्या घाईत तसंच राहिलेलं. आत सोफ्यावर ७०२ वाल्या बाई राखण करत बसल्या होत्या. म्हणाल्या, "घर उघडं टाकून कुठे गेला होतात?" मी उभ्या उभ्याच सांगितलं. नमिता बंगलोरला कधीच गेली नाही. तिनं लग्न केलंय. जावई सुगत, बौद्ध आहेत. आज माझ्या नातीचं बारसं होतं. त्या उठून उभ्या राहिल्या, मग परत बसल्या. "नाव काय ठेवलं?" म्हणाल्या.

आणि मला सांगता येईना. नाव कानात सांगितलं तेव्हा एवढा गलका होता की मला ऐकूच आलं नाही, आणि तिथे परत विचारायची लाज वाटली. बारशाला जाऊन आजीला नातीचं नाव ठाऊक नाही.

ह्यांना ठाऊक आहे. ते सांगत होते, मी नको म्हटलं. उद्या नमिताला फोन करून विचारणार आहे. तिनं उचलला नाही तर परवा तिच्या घरी जाऊन विचारेन. तिच्या दाराला जाळी असली, तर जाळीतून.